गोंदियाला जवळची कोण : पश्तो की चिनी?

एक सोपा प्रश्न विचारते. पश्तो आणि चिनी या दोन भाषांपैकी गोंदिया जिल्ह्याला जवळची कोणती? मोबाईलवर नकाशा उघडू नका, किलोमीटर मोजायचे नाहीत.

तुम्ही म्हणाल, काहून बा, आपला काय संबंध? पश्तो म्हणजे अफगाणिस्तान, सिनेमातले पठाण, फार तर क्रिकेटची अफगाण टीम. चिनी म्हणजे चार्जरच्या खोक्यावरची ती बारीक, चौकोनी अक्षरं. आपल्या धानाच्या बांधीत आणि रेल्वे टोलीत या दोघींचं काय काम?

काम आहे. पश्तो ही तुम्ही आत्ता वाचताय त्या मराठीची नातलग आहे. आणि चिनीची एक नातलग गेली पन्नासेक वर्षं आपल्याच जिल्ह्यात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहते आहे. तिच्याकडून तुम्ही हिवाळ्यात स्वेटरही घेतला असेल.

एक जिल्हा, तीन घराणी

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगाव-प्रतापगडच्या बाजूला, इटियाडोह धरणाच्या परिसरात तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे. नाव नोर्ग्येलिंग. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्या मागोमाग हजारो तिबेटी आले, आणि देशभर त्यांच्या वसाहती उभ्या राहिल्या. त्यातली ही १९७२ ची. तेव्हा आपला जिल्हा भंडाऱ्यातच होता, गोंदिया वेगळा झाला १ मे १९९९ ला. त्यामुळे बाहेरचे लोक आजही या वसाहतीला 'भंडारा' म्हणतात.

नावाचा अर्थही बघा. 'नोर' म्हणजे धन, आणि गुरंढोरंसुद्धा. आपण 'गोधन' म्हणतो, तोच विचार. शेवटचं 'लिंग' म्हणजे ठिकाण, उगाच हसू नका.

या वसाहतीत बोलली जाणारी तिबेटी भाषा आणि चीनची चिनी भाषा एकाच घराण्यातल्या आहेत. या घराण्याला चिनी-तिबेटी म्हणतात. दुसरीकडे मराठी, आणि तिच्यासोबत आपल्याकडची झाडीबोली, पवारी, छत्तीसगढी, हिंदी या सगळ्या भारोपीय म्हणजे इंडो-युरोपियन घराण्यातल्या. पश्तोही त्याच घराण्यातली. फरक इतकाच की मराठी त्या घराण्याच्या भारतीय शाखेतली आणि पश्तो शेजारच्या इराणी शाखेतली. म्हणजे सख्ख्या बहिणी नाहीत, चुलत म्हणा.

आणि सालेकसा, देवरीकडे ज्या घरांत अजून गोंडी बोलतात, ती गोंडी या दोन्हींपैकी कुठलीच नाही. ती द्राविडी घराण्यातली, तेलुगू-तमिळची नातलग.

थोडक्यात, पश्तो आणि चिनीची तुलना करायला आपल्याला काबूलला किंवा बीजिंगला जायची गरज नाही. दोघींची माणसं इथेच आहेत.

आधी बोटं मोजा

भाषांचं नातं कसं ओळखतात? भाषाशास्त्रवाले सुरुवातीला अगदी साधे शब्द तपासतात: आकडे, आई-बाप, हात-पाय, पाणी, नाव. कारण हे शब्द माणूस सहसा दुसऱ्याकडून उसने घेत नाही. आपणही तेच करू. पाचपर्यंत मोजा, जमलं तर मोठ्यानं:

मराठी : एक, दोन, तीन, चार, पाच
पश्तो : यौ, द्वा, द्रे, त्सलोर, पिंझ
तिबेटी : चिक, ञी, सुम, शी, ङा
कँटोनीज चिनी : यात, यी, साम, सेइ, ङ
मँडरिन चिनी : यी, अर, सान, स्स, वू

पहिल्या दोन ओळी परत वाचा. दोन-द्वा, पाच-पिंझ. संस्कृतातले 'द्वि' आणि 'पञ्च' आठवले की नातं अजून स्पष्ट दिसतं. आता खालच्या तीन ओळी. तिबेटीत तीनला 'सुम', हाँगकाँगच्या चिनीत 'साम', बीजिंगच्या चिनीत 'सान'. पाचला तिबेटीत 'ङा', कँटोनीजमध्ये नुसता नाकातला 'ङ'. नऊला तिबेटीत 'गु', कँटोनीजमध्ये 'गाउ'. आणि वरच्या दोन ओळींतलं काहीही खालच्या तीन ओळींत जुळत नाही.

सगळ्यात मजेदार आहे दहाचा आकडा. संस्कृतात 'दश'. मराठीनं शेवटचा 'श' सैल केला, त्याचा 'ह' झाला, आणि 'दहा' आला. पश्तोनं शेपूट तसंच ठेवलं, पण तोंड बदललं. तिथे जुन्या 'द'चा 'ल' होतो, म्हणून दहाला पश्तोत म्हणतात 'लस'. 'दहा' आणि 'लस' शेजारी ठेवले तर कुणालाही वाटणार नाही की हे एकाच शब्दाचे नातू आहेत. पण आहेत. नातं दिसण्यावर जात नाही. बदल नियमानं झालाय का, हे बघावं लागतं. पश्तोत एकाच शब्दात 'द'चा 'ल' झाला असता तर तो योगायोग म्हटला असता. पण मुलीला पश्तोत 'लूर' म्हणतात, तिथेही तेच झालंय. संस्कृतात 'दुहितृ' आहे, फारसीत 'दुख्तर'.

नावाला पश्तोत 'नूम', नव्याला 'नवय', गायीला 'ग्वा'. ओळखीचं वाटतं नं?

जेवलात का, हे कसं विचारता?

शब्द झाले, आता वाक्य बघू. आपण म्हणतो : मी भाकरी खाल्ली. मी भात खाल्ला. मी वरण खाल्लं. खाणारी मी एकच, पण क्रियापद प्रत्येक वेळी बदललं. कशामुळे? ताटात काय होतं त्यामुळे. भाकरी 'ती', भात 'तो', वरण 'ते'. आपण हे रोज करतो आणि लक्षातही येत नाही. बाहेरून मराठी शिकायला आलेल्याला विचारा, तो यावर डोकं धरून बसतो.

पश्तो बोलणाऱ्याला मात्र हे लगेच कळेल. तो म्हणतो, 'मा डोडई वख्वड़ा', म्हणजे मी भाकरी खाल्ली. 'डोडई' पश्तोत स्त्रीलिंगी, म्हणून क्रियापदही स्त्रीलिंगी. खाणारा बाप्या असला तरी. भूतकाळात क्रियापदानं कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जायचं, ही खोड मराठी आणि पश्तो दोघींना आहे. क्रियापद शेवटी येतं, हेही सारखंच.

चिनीत यातलं काहीच नाही. 'वो छर ल फान' : मी, खा, झालं, जेवण. मी खाल्लं, तिनं खाल्लं, त्यांनी खाल्लं, 'छर' कायम 'छर'च. लिंग नाही, वचनाप्रमाणे क्रियापद बदलणं नाही, विभक्ती नाही. व्याकरणाचे तक्ते पाठ करून कंटाळलेल्या प्रत्येकाला ही भाषा स्वर्ग वाटावी! पण थांबा, चिनी दुसरीकडून वसूल करते. आवाजाच्या चढउतारावर तिथे शब्दच बदलतो. सपाट सुरात 'मा' म्हणजे आई. सूर आधी खाली नेऊन वर आणला तर 'मा' म्हणजे घोडा. दणकन खाली आणला तर शिव्या देणं. मँडरिनमध्ये असे चार सूर आहेत. त्यामुळे तिथे आईला हाक मारताना सूर सांभाळा.

मग तिबेटी? ती चिनीची नातलग, म्हणजे तिचं वाक्यही चिनीसारखं असणार, असं वाटेल. नाही. 'ङा खालाक सागियो', म्हणजे मी जेवण खातोय. मी, जेवण, खाणं. क्रम अगदी मराठीचा, क्रियापद शेवटी! नातं चिनीशी आणि वाक्याची चाल आपल्यासारखी. माणसांतही असं होतं की, चुलतभावापेक्षा शेजाऱ्याच्या सवयी जास्त जुळतात.

रक्ताचं नातं एकीकडे, कपडे दुसरीकडे

आता खरी गंमत. वर जे सांगितलं ते कानाचं होतं. डोळ्यांना विचारलं तर उत्तर एकदम उलटं येतं.

पश्तो लिहितात उजवीकडून डावीकडे, अरबी-फारसी वळणाच्या लिपीत. बघितली की आपण म्हणणार, ही तर उर्दू. मराठीशी काय नातं? पण पश्तोला त्या लिपीत आपले आवाज मावेनात, म्हणून तिनं वेगळी अक्षरं बनवून घेतली : ट, ड, ड़ यांच्यासाठी, आणि चक्क 'ण'साठीसुद्धा. 'ण'चं अक्षर उर्दूच्या वर्णमालेत नाही, पश्तोच्या आहे.

अजून एक. 'चार' आणि 'चाक' हे दोन शब्द म्हणून बघा. पहिल्यातला 'च' वेगळा, दुसऱ्यातला वेगळा, जवळजवळ 'त्स'. 'जन्म' आणि 'जागा' यातला 'ज' पण तसाच. मराठीत हे दोन्ही आवाज एकाच अक्षरात कोंबलेत, आणि कुठे कोणता काढायचा हे लहानपणापासून ऐकून ठरतं. पश्तोत या 'त्स' आणि 'द्झ'साठी स्वतंत्र अक्षरं आहेत. तिबेटीतही आहेत.

तिबेटीची लिपी तर आपल्याला चाटच पाडते. तिची वर्णमाला सुरू होते क, ख, ग, ङ पासून. मग च, छ, ज, ञ. मग त, थ, द, न. मग प, फ, ब, म. पहिलीत बाराखडी गिरवलेल्या कुणालाही ही यादी पाठ होईल. 'घ', 'झ' आणि 'ट-ठ-ड'ची ओळ त्यात नाही, कारण त्या भाषेला गरज पडली नाही. तिबेटी परंपरा सांगते की सातव्या शतकात राजा सोंगत्सेन गाम्पोनं थोन्मी संभोट या आपल्या मंत्र्याला भारतात पाठवलं आणि त्यानं इथल्या लिपीवरून तिबेटी लिपी तयार केली. देवनागरी आणि तिबेटी, दोघींचं मूळ ब्राह्मीत आहे.

म्हणजे हिशेब असा झाला. पश्तो : भाषा आपल्या घराण्यातली, लिपी अरबी वळणाची. तिबेटी : भाषा चिनीच्या घराण्यातली, लिपी आपल्या घराण्यातली. चिनी मात्र स्वतःच्या चित्राक्षरांवर ठाम. ती अक्षरं आवाजापेक्षा अर्थाला धरून चालतात, म्हणून बीजिंगचा आणि हाँगकाँगचा माणूस एकमेकांचं बोलणं समजू शकत नसले तरी एकच फलक दोघांनाही बऱ्यापैकी वाचता येतो.

लिपी म्हणजे कपडे आहेत. कपडे बदलता येतात, उसने घेता येतात. त्यावरून कोण कुणाचं हे ठरवायला गेलात की फसलात.

चहा सगळ्यांचा, पण पुरावा नाही

आता कुणीतरी म्हणेल, पण 'चहा' तर सगळीकडे सारखाच आहे! बरोबर. चिनीत 'छा', पश्तोत 'चाय', तिबेटीतही 'छा'च्या जवळपास, मराठीत 'चहा'. चारही भाषांत एक शब्द. मग चौघी बहिणी?

नाही. चहा चीनमधून निघाला आणि शब्दही त्याच्यासोबत निघाला. वस्तू जिथे जाते तिथे तिचं नाव जातं. आज 'मोबाईल' सगळीकडे आहे, तसंच. 'दुकान', 'कागद', 'जमीन' हे शब्द मराठीत आणि पश्तोत जवळपास सारखे आहेत, पण तेही नात्यामुळे नाही. दोघींच्या दारात फारसी येऊन गेली, त्याची ती खूण. म्हणून उसने शब्द बाजूला काढायचे आणि मग नातं मोजायचं. आकडे आणि आई-बाप इथे कामी येतात ते यासाठीच.

हे काम आपल्याकडे फार आधी झालंय. जॉर्ज ग्रिअर्सन नावाच्या अधिकाऱ्यानं १८९४ ते १९२८ या काळात भारतातल्या भाषांची पाहणी केली. त्याच्या ग्रंथमालेत मराठीला सातवा खंड, पश्तोला दहावा, तिबेटीला तिसरा, गोंडीला चौथा. शक्य तिथे प्रत्येक बोलीतून एकच गोष्ट लिहून घेतली, बायबलमधल्या उधळ्या मुलाची. एकच गोष्ट शंभर तोंडांतून ऐकली की फरक आणि सारखेपणा आपोआप दिसतो.

मग हे सगळं कशासाठी?

कारण हिवाळा येतो. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शहरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात आणि गर्दीतून कुणीतरी सहज म्हणून जातं, 'चल नं, त्या चिन्यांकडे बघू.' कुणी 'नेपाळी' म्हणतं. म्हणणाऱ्याच्या मनात वाईट नसतंही. पण ऐकणारी व्यक्ती बहुतेक वेळा अर्जुनीच्या बाजूला जन्मलेली असते, मराठी-हिंदी फाडफाड बोलते, आणि तिचे आजी-आजोबा चीनच्या सैन्यामुळेच घर सोडून इथे आलेले असतात. त्यांना 'चिनी' म्हणणं म्हणजे जखमेवर बोट ठेवणं.

यावर एखादा हुशार मित्र म्हणेल, पण तूच तर आत्ता सांगितलंस की तिबेटी आणि चिनी एकाच घराण्यातल्या! सांगितलं. पण मग त्याच हिशेबानं मराठी माणूस पठाण झाला का? मराठी आणि पश्तो एका घराण्यातल्या असूनही १७६१ ला पानिपतावर समोरासमोर उभे ठाकलोच नं? समोरचा अहमदशहा अब्दाली स्वतः पश्तोत कविता करायचा. भाषेचं घराणं एक असणं म्हणजे देश एक, मन एक असं होत नाही. तिबेटी आणि चिनीचं मूळ काही हजार वर्षांपूर्वी एक होतं, अभ्यासक सहा-सात हजारांच्या आसपास धरतात. तेवढ्या काळात काय काय बदलतं ते 'दहा' आणि 'लस'मध्ये आपण पाहिलं. ल्हासाच्या माणसाला न शिकता चिनी कळत नाही, जशी आपल्याला पश्तो कळत नाही.

उलटही खरं आहे. भाषेचं घराणं वेगळं असणं म्हणजे परकं असणं नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, चिनी शिकले, तिथेच लग्न केलं, आणि १९४२ मध्ये तिथेच गेले. मुलाचं नाव ठेवलं होतं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

आणि आपल्या घरातली?

चिनी-पश्तोचं बोलता बोलता एक गोष्ट राहून जायला नको. मँडरिनला नव्वद कोटींहून जास्त लोकांची मातृभाषा म्हणतात. पश्तो काही कोटींची, अफगाणिस्तानात राजभाषा. या दोघींची काळजी घ्यायला कुणीतरी आहे. गोंडीचं तसं नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख होते. तरीही ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. पवारी तर जनगणनेत 'हिंदी'च्या पोटात मोजली जाते.

आणि गोंडीकडे काय नाही? तिला लिपी नाही म्हणून हसणाऱ्यांनी ऐकावं, आपल्या शेजारच्या बालाघाटच्या मुंशी मंगलसिंग मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. २०१७ पासून ती युनिकोडमध्ये आहे, म्हणजे कॉम्प्युटरला ती माहीत आहे. आपल्याला नाही. गोंडीत तीनला 'मुंड', चारला 'नालुंग'. तेलुगूत 'मूडु', 'नालुगु'. आणि गोंडीची एक दूरची नातलग, ब्राहुई, पाकिस्तानातल्या बलुचिस्तानात बोलली जाते. तिथे तिच्या शेजारी कोण राहतं? पश्तो! कचारगडच्या यात्रेला माघ पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून माणसं येतात हे आपण बघतो, पण त्यांची भाषा किती दूरवर पसरली आहे हे आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

गडचिरोलीत मोहगावच्या ग्रामसभेनं २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा सुरू केली. इकडे तिबेटी वसाहतींतल्या मुलांना क, ख, ग, ङ शिकवलं जातं. घर सुटलं तरी ते लोक भाषा सोडत नाहीत. आपण मात्र घरात राहून आजीच्या बोलीला 'गावठी' म्हणतो आणि कॉलेजात झाडीतला एखादा शब्द तोंडून निघाला तर जीभ चावतो.

करून बघा

या आठवड्यात एक छोटं काम करा. घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला त्यांच्या बोलीत एक ते दहा मोजायला सांगा. पवारी, गोंडी, झाडी, लोधी, छत्तीसगढी, जी असेल ती. मोबाईलवर रेकॉर्ड करा. मग आई, बाप, भाऊ, पाणी, नाव, गाय हे शब्द विचारा. शेवटी एक वाक्य : 'मी भाकरी खाल्ली'. झाडी किंवा पवारीत ते प्रमाण मराठीपेक्षा वेगळं येतं का, ते नीट ऐका. ग्रिअर्सननं यापेक्षा फार वेगळं काही केलं नव्हतं, आणि त्याच्याकडे तर मोबाईलही नव्हता.

आणि हिवाळ्यात स्वेटर घ्यायला जाल तेव्हा घासाघीस करायच्या आधी तीनला काय म्हणतात ते विचारा. 'सुम' असं उत्तर आलं की तुम्ही 'मुंड' सांगा, 'द्रे' सांगा, 'तीन' सांगा. किंमत कमी होईलच याची हमी नाही. पण 'चिनी' हा शब्द त्यानंतर तुमच्या तोंडून सहजासहजी निघणार नाही.